पगारी खेळाडूची कुळकथा

कळंब तालुक्यात रब्बीची पिकं निघाली की मोकळ्या रानात टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. एखादा संघ बाहेरगावचा बोलर आणतो. त्याचा येण्याजाण्याचा खर्च आणि वर काही रक्कम आधीच ठरते. ‘पैसे घेऊन खेळतो, तो कसला खेळाडू!’ असा टोमणा मग हमखास ऐकू येतो. मला तो खुपतो. आपल्याकडे खेळाडूच्या हातात पैसा आला तो केवढ्या कष्टांनी!

क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांचंच पाहा. जन्म 1876 साली धारवाडचा, घर चांभाराचं. पोरवयात पुण्यातल्या पारशी क्लबात ते खेळपट्टी झाडायचे, रोलर फिरवायचे; पगार महिना 3 रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात तो 4 रुपये झाला. रोलर, रेषांची आखणी, जाळ्या उभारणं ही कामं पगाराची. नेटमध्ये साहेबांना बोलिंग टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडली. तिथले नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग आपल्याला बाद केलं की बाळूंना आठ आणे देत, असं सांगतात. म्हणजे आठ विकेटींत महिन्याचा पगार! बॅट मात्र त्या क्लबात त्यांच्या हाती कधी दिली गेली नाही.

अमेरिकेत 1869 सालीच सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा बेसबॉलचा संघ उघडपणे पगारी झाला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा जॉर्ज राइट हंगामाला 1,400 डॉलर घेई, संघात सर्वांत जास्त. तिथे पैसा खेळण्याचाच होता. इथे पगार झाडूचा, आणि खेळ त्याच्या आडून.

पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंना घेतलं ते त्यांच्या विकेटींसाठी. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र जातीमुळे बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा. हे वाचताना आजही संताप येतो.

1906 साली मुंबईत हिंदूंच्या संघाने युरोपियनांच्या संघाला 109 धावांनी हरवलं, त्यात बाळूंची बोलिंग निर्णायक ठरली. भारतीय संघाच्या 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते मिळालं 1923 साली, त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला. आणि त्या वर्षी हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन संघांची चौरंगी स्पर्धा हिंदूंनी जिंकली.