पाटीलकी वाड्यातून बाहेर आली तेव्हा

आमच्या गावात, बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्यापासून सायकलीच्या अंतरावर, पाटीलकी पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाड्यात होती. चोरी झाली, डोकी फुटली, विहिरीत प्रेत तरंगलं, तरी खबर आधी वाड्यावर जायची. तिथून ती बोराखेडी ठाण्यात पोचवायची की नाही, हे वाडाच ठरवायचा. माझे वडील त्याच वाड्यात सालदार होते. पुढे मी गावाचा पोलीस पाटील झालो तो एका कायद्यामुळे, आणि त्या कायद्याची आठवण आमच्या भागात कुणी फारशी काढत नाही.

आमचं वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं, 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि 1956 मध्ये मुंबई राज्यात आलं. त्यामुळे मुंबई इलाख्याचा 1867 चा ग्राम पोलीस कायदा इंग्रजी अमलात आमच्याकडे नव्हताच. इथे पाटील-पटवाऱ्यांसाठी 1900 चा वेगळा कायदा होता. मुलकी पाटील वसुली पाहायचा, पोलीस पाटील गुन्हे. पद मात्र घराण्यातच फिरायचं. पाटील भला असला तर गाव सुखी, नसला तर गरिबाची फिर्याद ओट्यावरच विरून जायची.

महाराष्ट्र झाल्यावर 1962 च्या कायद्याने मुलकी पाटलाचं पद गेलं. मग आला 1967 चा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम. पोलीस पाटील राहिला, पण वारसा गेला. 1968 च्या आदेशाने वय 25 ते 45, गावातलंच राहणं आणि शाळेची ठराविक इयत्ता, एवढं पाहून नेमणूक होऊ लागली. चुकलास तर चौकशी, दंड, निलंबन, बडतर्फीसुद्धा. मला या दुसऱ्या भागाचं मोल जास्त वाटतं. वाड्यातल्या पाटलाला जाब विचारणारं गावात कोण होतं?

कामाचं सांगायचं तर एकच प्रसंग पुरे. कपाशीच्या वावरातल्या विहिरीत एका बाईचं प्रेत सापडलं. नातेवाईक म्हणत होते, पाय घसरला. लगेच काढून उरकून टाकू. मी कोतवालाला विहिरीवर उभं केलं. काठावरच्या चपला, दोर, ओली माती, कशालाही हात लावू दिला नाही. खबर कागदावर लिहून माणूस सायकलीवर बोराखेडीला पाठवला. ठाण्यात मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाला. पंच म्हणून सासरचा माणूस घेऊ नका आणि माहेरचाही नको, असं मी जमादारांना सांगितलं. दोन त्रयस्थ शेतकरी बोलावले. चपला काठावर नीट जोडून ठेवलेल्या होत्या. पाय घसरलेल्या माणसाच्या चपला अशा राहत नाहीत. पंचनाम्यात ती ओळ आली, म्हणूनच तपास पुढे सरकला.

एक गोष्ट नव्या लोकांना कळत नाही. गुन्हा करून माणूस रात्री पाटलाकडे येतो, रडतो, सगळं सांगतो. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1872 च्या पुरावा कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नव्हती. मग पोलीस पाटील हा पोलीस अधिकारी की नाही, यावर कोर्टांत वाद झाले. मी असल्या माणसाला कधी कागदावर सही मागितली नाही. पाणी दिलं, साक्षीला दोन माणसं बसवली आणि ठाण्याला कळवलं. मारून कबूल करून घेणं हा जुन्या ओट्याचा रिवाज होता. तो मोडलाच पाहिजे होता.

1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. झडती-जप्तीचं मोबाईलवर चित्रीकरण करावं लागतं, आणि सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येण्याची तरतूद आहे. गावातल्या गुन्ह्याची आणि संशयास्पद मृत्यूची खबर देण्याचं गावकामगारांचं कर्तव्य त्यातही कायम आहे. तज्ज्ञाची गाडी बुलढाण्याहून राजूर घाट उतरून येईपर्यंत विहिरीचा काठ राखायचा तो पोलीस पाटलानेच. माझ्या जागी आता गावातलीच एक तरुण सून पोलीस पाटील आहे. तिला मी पहिल्याच आठवड्यात गावच्या गल्ल्या नेऊन दाखवल्या: कोणाचं कोणाशी नातं, कोणाचा कोणाशी बांधाचा वाद. पंच निवडायचे तर हे आधी ठाऊक हवं.