रसवहन, वृक्षांतील (पुणे शहर)

मुळांनी शोषलेले पाणी व खनिजे पानांपर्यंत चढणे आणि पानांत तयार झालेली साखर मुळे, कोंब, फळे यांच्याकडे जाणे, या दोन्ही क्रियांना मिळून रसवहन म्हणतात. पहिले काम प्रकाष्ठ ही ऊती करते, दुसरे परिकाष्ठ. शालेय पुस्तकांत त्यांची नावे जलवाहिनी व रसवाहिनी अशी आहेत. पुण्यातील झाडांची खरी कसोटी मार्च ते मे या काळात लागते. पाऊस थांबून पाच-सहा महिने उलटलेले असतात, दुपारचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते, हवा कोरडी ठणठणीत असते. आणि याच सुमारास पिंपळ तांबूस पालवीने भरून येतो.

झाडात पाणी उपसणारा पंप कुठेही नाही. पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडते तेव्हा पानातील पेशींच्या भित्तिकांमध्ये असलेले पाणी आत ओढले जाते. ही ओढ पाण्याच्या सलग स्तंभातून थेट मुळांपर्यंत पोहोचते, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून राहतात. आयर्लंडमधील डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ मध्ये ही उपपत्ती मांडली. त्याआधी जर्मनीत स्ट्रासबुर्गर यांनी विषाने मारलेल्या खोडांतूनही पाणी चढत राहते असे १८९१ मध्ये दाखवले होते. जगदीशचंद्र बोस यांनी मात्र १९२३ च्या ग्रंथात रसाच्या आरोहणाचे श्रेय खोडातील जिवंत पेशींच्या स्पंदनांना दिले. हे मत टिकले नाही. तरी वनस्पतींच्या अतिसूक्ष्म हालचाली मोजणारी त्यांची उपकरणे आजही थक्क करतात.

वातावरणाचा दाब पाणी फार तर १० मीटरपर्यंत चढवू शकतो, आणि पुण्यातील रस्त्यांकडेचे जुने वड व पर्जन्यवृक्ष त्याहून उंच आहेत. ३० टक्के आर्द्रतेच्या उन्हाळी हवेची पाण्यावरील ओढ मात्र १५० मेगापास्कलहून जास्त, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दीड हजार पट असते. तिचा फार थोडा भाग खोडापर्यंत येतो. दुपारी खोडातील ताण साधारण एक-दोन मेगापास्कल भरतो. बाकीचा सारा उतार पर्णरंध्रांच्या तोंडाशीच असतो, म्हणून तेथील झडप हे झाडाचे सर्वांत मोलाचे इंद्रिय मानायला हवे. ऊन चढले की अनेक झाडे ही रंध्रे आवळून घेतात. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइड आत येणे थांबते आणि साखर बनणे मंदावते. ताण मर्यादेबाहेर गेला तर स्तंभ तुटतो, नलिकेत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नलिका निकामी होते. रुंद नलिका पाणी जास्त नेते, पण तिच्यातील स्तंभ बहुधा लवकर तुटतो. सह्याद्रीतील गारंबीसारख्या महावेलींच्या नलिका फार रुंद असतात.

शोषलेल्या पाण्यापैकी बहुतेक सर्व, साधारण ९७ टक्के किंवा अधिक, वाफ होऊन जाते. पुण्यात भारतीय हवामान खात्याची कृषी हवामानशास्त्र शाखा १९३२ पासून आहे. वाफेमुळे होणारे पाण्याचे हे नुकसान मोजायला तेथे पीक उभे असलेला मातीचा हौद वजन करून पाहतात. त्या उपकरणाला लायसिमीटर म्हणतात.

शहरातील वेताळ टेकडीवर उन्हाळ्याला तोंड देण्याची दुसरी रीत दिसते. तेथील सालई, मोई आणि पांगारा पाने गाळून टाकतात, म्हणजे ओढच थांबवतात. त्यांचे लाकूड हलके असून खोडात पाण्याचा साठा राहतो. माती कोरडी असताना निष्पर्ण पांगारा लाल फुलांनी पेटतो तो या साठ्याच्या आधारे. पिंपळ मात्र खोलवर गेलेल्या मुळांवर विसंबतो.

पावसाळ्यात चित्र उलटते. हवा बाष्पाने भरलेली असल्याने वरून ओढ उरत नाही, पण मुळे क्षार आत घेत राहतात आणि त्यांच्यामागे पाणी येते. या मूलदाबामुळे परसातल्या अळूच्या पानाच्या टोकाशी पहाटे थेंब लोंबताना दिसतो. तो दव नसतो, पानातूनच आलेला असतो. जुन्नर-नारायणगाव भागात द्राक्षाच्या छाटणीनंतर काडीच्या तोंडातून पाणी ठिबकते, तेही मूलदाबाचेच.

खनिजे पाण्यासोबत आपोआप आत येत नाहीत. मुळाच्या अंतस्त्वचेत कॅस्पेरी पट्टी नावाचा जलरोधक थर असतो. तो पेशींमधल्या फटींतून जाणारी वाट अडवतो आणि प्रत्येक क्षाराला जिवंत पेशीच्या पटलातून जावे लागते. एकदा पोहोचलेले खनिज पुन्हा हलते की नाही यावर रोगाचे लक्षण ठरते. नत्र हलते, म्हणून त्याच्या टंचाईत जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोह फारसे हलत नाही, म्हणून चुनखडीच्या जमिनीत उसाची कोवळी पाने पांढरट होतात. शेतकरी त्याला केवडा म्हणतात.

साखरेच्या वहनाची मांडणी म्युंक यांनी १९३० मध्ये केली. पानातील परिकाष्ठाच्या चाळणनलिकांत साखर भरली जाते, शेजारच्या प्रकाष्ठातून पाणी तिकडे खेचले जाते, दाब वाढतो आणि रस साखर खर्च होणाऱ्या ठिकाणाकडे ढकलला जातो. मावा कीड आपली सोंड नेमकी या नलिकेत खुपसते. न पचलेली साखर चिकट थेंबांच्या रूपाने खाली उभ्या गाड्यांवर पडते.

परिकाष्ठ सालीच्या आतल्या अंगाला असते, आणि पाणी नेणारे प्रकाष्ठही खोडाच्या बाहेरच्या भागातच असते. मधला गाभा फक्त आधार देतो, म्हणून पोकळ झालेले जुने वृक्षही हिरवेगार राहतात. शहरातील झाडांच्या बहुतेक हालअपेष्टांचे मूळ या रचनेत आहे. सालीचे पूर्ण वळे काढले तर पाणी वर जातच राहते, पण साखर खाली उतरत नाही. पाने कित्येक महिने हिरवी दिसतात, मुळे उपाशी मरतात आणि झाड वाळते तोवर वळ्याकडे कुणाचे लक्ष राहत नाही. गुपचूप झाड मारण्याचा हा मार्ग अत्यंत नीच आहे. महाराष्ट्रात नागरी वृक्षांचे संरक्षण करणारा कायदा १९७५ पासून आहे. द्राक्षबागायतदार वळे काढण्याचे हेच तंत्र सावधपणे वापरतात: फळधारणेनंतर सालीची काही मिलिमीटर रुंद पट्टी काढून साखर घडांकडे अडवतात. ही जखम काही आठवड्यांत भरते.

झाडाभोवतीची काढायची राहिलेली लोखंडी जाळी किंवा फलकाची तारही तेच करते. खोड जाड होत जाते, तार सालीत रुतते आणि वळे आपोआप तयार होते. बुंध्यापर्यंत ओतलेले काँक्रीट मुळांना हवा व पाणी मिळू देत नाही. वळे अर्धवट असून साल निम्म्या घेराला शाबूत असेल तर झाड सहसा वाचते. वळे पूर्ण झाले असेल, तर त्याच जातीच्या कोवळ्या काड्या जखमेच्या वरच्या आणि खालच्या सालीत पुलासारख्या कलम करून बसवता येतात; मात्र हे मुळांतील साठा संपण्याआधी करावे लागते.