सानूरची वाळू

दूरच्या बेटाचें वर्णन वाचावयास घेतलें कीं वाचकाच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें: शुभ्र वाळू, माडांची रांग, निळें पाणी, आणि त्यामागें शेंकडों वर्षें जशींच्या तशीं राहिलेलीं खेडीं. बाली बेटावर उतरलों तेव्हां आमच्याहि मनांत तेंच चित्र होतें. एका सकाळीं सानूरच्या किनाऱ्यावरून देनपासार शहरापर्यंतची सुमारें दोन कोसांची वाट आम्ही पायीं चाललों, आणि तेवढ्या वाटेंत तें चित्र पुसलें गेलें. जो किनारा आम्हांस विसाव्याचें स्थळ वाटला होता तो या बेटाच्या इतिहासाचा दिंडीदरवाजा आहे. आणि जीं खेडीं आम्हांस निश्चल वाटलीं होतीं तीं अखंड उद्योगानें टिकलीं आहेत. हें वाचकांस सांगावें एवढाच आमचा हेतु.

सानूरच्या दक्षिण बाजूस ब्लांजोंग येथें देवळाच्या आवारांत एक पुरुषभर उंचीचा दगडी स्तंभ आहे. त्यावर श्रीकेसरी वर्मदेव या राजाचा विजयलेख कोरलेला आहे. भाषा दोन, संस्कृत आणि जुनी बाली. लिपीहि दोन, त्यांतली एक नागरीच्या कुळांतील. काळ शक ८३५, फाल्गुन मास, म्हणजे इसवी सन ९१४. हा शक आपल्या पंचांगांतलाच शालिवाहन शक. तो आंकडा समुद्रापलीकडच्या पाषाणावर पाहून मराठी माणसाचें मन उचंबळून येतें, व “हें सारें आमचेंच” असें म्हणावयाचा मोह होतो. तो मोह आवरला पाहिजे. बालीच्या लोकांनीं शक घेतला, पण स्वतःचें २१० दिवसांचें वर्ष सोडलें नाहीं. दोन्ही गणना ते आजहि शेजारीं शेजारीं चालवितात. पाहुण्याकडून जें घ्यावयाचें तें घेऊन आपल्या घराची मांडणी आपण ठरवावी, हा या बेटाचा जुना बाणा आहे.

पुढें याच किनाऱ्यावर आलेला पाहुणा मात्र बंदुका घेऊन आला. मे १९०४ मध्यें ‘श्री कुमाला’ नांवाचें, डच निशाण लावलेलें एक चिनी व्यापाऱ्याचें गलबत सानूरजवळच्या प्रवाळाच्या खडकांवर फुटलें. फुटलेल्या जहाजावरील माल किनाऱ्याच्या राजाचा व रयतेचा, असा बालीचा पुरातन रिवाज होता; तो सोडून देण्याचे तह डचांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पांचव्या दशकांतच राजांकडून करवून घेतले होते. मालकानें लुटीची फिर्याद केली व डच सरकारनें बादुंगच्या राजाकडे भरपाई मागितली. आपल्या लोकांनीं लूट केलीच नाहीं, असें म्हणून राजानें ती नाकारली. एका फुटक्या गलबताचें निमित्त सबंध राज्य गिळावयास पुरेसें झालें. सप्टेंबर १९०६ मध्यें डच फौज सानूरच्या वाळूवर उतरली, आणि २० सप्टेंबर रोजीं आम्ही चाललों त्याच दिशेनें देनपासारवर चालून गेली.

राजवाड्यापाशीं तिला लढाई अशी करावी लागलीच नाहीं. वाड्यास आंतूनच आग लावलेली होती. दार उघडलें, आणि पालखींत बसलेला राजा बाहेर आला. अंगावर मृताचीं शुभ्र वस्त्रें, कमरेला क्रिस नांवाची कट्यार. मागें राण्या, मुलें, पुरोहित, सेवक. सैनिकांपासून कांहीं पावलांवर पालखी थांबली, राजानें खूण केली व पुरोहितानें त्याच्या छातींत कट्यार खुपसली. मग सर्वांनींच स्वतःस आणि एकमेकांस मारावयास आरंभ केला. डचांच्या गोळ्यांनीं उरलेलें काम पुरें केलें. कित्येक स्त्रियांनीं अंगावरचे दागिने व सोन्याचीं नाणीं सैनिकांच्या तोंडावर भिरकाविलीं. जणूं “मारण्याची मजुरी घ्या” म्हणून. मेले ते शेंकड्यांनीं. कोणी हजारावरहि मोजतात. यास तेथें ‘पुपुतान’ म्हणतात. पुपुत म्हणजे शेवट. आपणांस राजपुतांचा जोहार आठवतो. परंतु जोहार तटाच्या आंत होत असे; हा बळी जेत्याच्या डोळ्यांसमोर, त्यास साक्षी ठेवून दिला गेला. १९०८ च्या एप्रिलांत क्लुंगकुंग येथें हेंच पुन्हा घडलें. त्या खेपेस निमित्त होतें सरकारनें स्थापिलेल्या अफूच्या मक्त्याविरुद्धचा दंगा.

या वार्तांनीं युरोपांत डचांची नाचक्की झाली. ज्या संस्कृतीच्या छातीवर तोफा रोखल्या तिचेच आपण रक्षक, असें मिरविण्याची नवी नीति मग निघाली. १९१४ पासून प्रवाशांस बोलावणारीं पत्रकें छापलीं गेलीं, आणि १९२८ सालीं देनपासारांत, राजा पडला त्याच परिसरांत, डच आगबोट कंपनीनें उत्तम हॉटेल बांधलें. पाहुण्यांच्या मोटारी ज्या रस्त्यांवरून धांवत ते वेठीच्या मजुरीनें झालेले होते. “न बदललेली बाली” हें चित्र याच काळांत रंगविलें गेलें. तें आमच्यापर्यंत पोंचलें. वेठ मात्र चित्राच्या चौकटीबाहेर राहिली.

सानूरच्या वाळूस विसांवा नव्हताच. फेब्रुवारी १९४२ मध्यें तेथें जपानी उतरले. मार्च १९४६ मध्यें डच पुन्हा आले. त्याच वर्षीं २० नोव्हेंबरास मार्गा गांवीं इ गुस्ती न्गुराह राय हे आपल्या तुकडीसह लढतां लढतां पडले. प्रवासी उतरतो त्या विमानतळास त्यांचेंच नांव आहे. तें वाचून थांबणारा विरळा. १९६५-६६ च्या राजकीय हत्याकांडांत या एका बेटावर सुमारें ऐंशी हजार माणसें मारलीं गेलीं असा अंदाज आहे, आणि १९६६ सालींच, जपानच्या युद्धभरपाईच्या पैशांतून बांधलेलें दहा मजली हॉटेल सानूरला उघडलें. पुढें, माडाहून उंच इमारत बांधूं नये, असा नियम बेटावर झाला.

इतकें सोसून खेडीं टिकलीं कशीं? याचें उत्तर भातशेतांच्या पाटांत आहे. एका पाटावर भिजणाऱ्या शेतांचे मालक मिळून ‘सुबाक’ नांवाची संस्था असते. पाणी कोणी केव्हां घ्यावें, लावणी केव्हां करावी, हें सभासद ठरवितात, व निरनिराळ्या सुबाकांचा मेळ जलदेवतेच्या देवळांत घातला जातो. ही व्यवस्था हजार वर्षांच्या आसपास जुनी आहे. १९७० नंतरच्या दशकांत सरकारनें नवीं वाणें आणून सतत पीक घेण्याचा आग्रह धरला. देवळाचें वेळापत्रक मोडलें, आणि तुडतुड्यांनीं शेतेंच्या शेतें फस्त केलीं. शेजारच्या सर्व शेतांनीं एकाच वेळीं पड राहण्यांत कीड उपाशी मारण्याची युक्ति होती, हें अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग यांनीं पुढें दाखवून दिलें. २०१२ सालीं युनेस्कोनें सुबाकांचा प्रदेश जागतिक वारशांत घेतला. परंतु वारशाची पाटी शेत राखीत नाहीं. आम्हीं पाहिलें तें हें कीं रस्त्याकडेचें भाताचें वाफें विकलें जातें व तेथें पाहुण्यांसाठीं घर उभें राहतें. सुबाकांतून एक सभासद गळला कीं पाटाची गांठ तेवढी सैल होते. फौजेनें जें साधलें नाहीं तें आमच्यासारख्यांच्या कौतुकानें साधूं नये, हीच आम्हांस चिंता वाटते.

आपल्या पाडव्याच्या सुमारास बालीचें शकवर्ष बदलतें. त्याआधीं गांवोगांवचे लोक देवांच्या मूर्ति व पूजेचीं उपकरणें घेऊन सानूरसारख्या किनाऱ्यांवर शुद्धीसाठीं येतात, आणि वर्षप्रतिपदेस ‘न्येपी’ पाळतात: अग्नि नाहीं, काम नाहीं, प्रवास नाहीं, करमणूक नाहीं. त्या दिवशीं विमानतळहि बंद असतो, आणि पाहुण्यानेंहि आपल्या निवासांतच राहावयाचें असतें. ज्या बेटानें इतक्या पाहुण्यांस आंत येऊं दिलें त्यानें वर्षांतून एक दिवस दार लावून घ्यावें, यांत गैर तें काय? त्या दिवशीं ती वाळू कोणाच्याच विसाव्याची नसते. ती तिच्या लोकांची असते.