वळवणच्या तलावांतील मासा

लोणावळ्यास हवापालटाकरितां जाणारीं कुटुंबें वळवणच्या धरणावर फिरून येतात. पण त्या खोल, नितळ पाण्याखालीं कोण नांदतें याची विचारपूस सहसा होत नाहीं. तेथें खुद्री नांवाचा मासा आहे, आणि त्याचें चरित्र आम्हांस आपल्या मुलखाच्या अर्वाचीन इतिहासाचेंच एक पान वाटतें.

खुद्री ही महासीर कुळांतील दख्खनची जात. गळाला लागल्यावर हें कूळ जी झुंज देतें, तिच्यामुळें इंग्रज शिकाऱ्यांस त्याचें वेड होतें. हेन्री सलिव्हन टॉमस या अंमलदारानें १८७३ सालीं गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला आणि त्यांत विलायतेच्या सॅमनशीं महासीराची तुलना केली. शास्त्रांत खुद्रीची नोंद मात्र त्याआधींच, १८३९ सालीं, कर्नल साइक्स यानें केली होती. मुंबई सरकारसाठीं दख्खनची माहिती गोळा करीत हिंडणाऱ्या या गृहस्थानें मुळामुठेंतील माशाचें वर्णन केलें व शास्त्रीय नांवांत येथील बोलींतला शब्द कायम ठेवला. साहेबाच्या हातून आपल्या भाषेची एवढी सेवा क्वचितच घडली असेल!

हा मूळचा वाहत्या पाण्याचा मासा. पावसाळ्यांत तो प्रवाहाविरुद्ध चढत जातो आणि गोट्यांवरून खळाळणाऱ्या उथळ पाण्यांत अंडीं घालतो. अशा माशाच्या वाटेवर धरण बांधणें म्हणजे त्याच्या बाळंतघराचें दार लावून घेणें होय.

ती दारें मावळांत एकामागून एक लागलीं. टाटांच्या जलविद्युत् योजनेची कोनशिला लोणावळ्यास ८ फेब्रुवारी १९११ रोजीं बसली. लोणावळें, वळवण व शिरवटा येथें अडविलेलें पाणी सुमारें १७०० फूट खालीं खोपोलीस उतरवून १९१५ पासून मुंबईस वीज मिळूं लागली. पुढें मुळशीचें धरण झालें, १९७२ च्या सुमारास पवनेचें. मुळशीच्या शेतकऱ्यांकरितां सेनापति बापट यांनीं सत्याग्रह केला. माशांची दाद कोण घेणार? त्यांत खालच्या नद्यांमध्यें शहरांचें सांडपाणी आलें आणि सुरुंग लावून मासे मारण्याची नीच चाल पडली.

मात्र ज्या धरणांनीं खुद्रीची वाट अडविली, त्यांच्याच तलावांत ती तगली. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनीं लोणावळ्यास तिच्या अंड्यांचा अभ्यास करून १९७१ च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. पावसाळ्यांत पक्व नर-मादी जाळ्यानें धरावयाचीं, मादीचें पोट हळूच दाबून अंडीं भांड्यांत घ्यावयाचीं, त्यांत नराचें रेत मिसळावयाचें आणि तीं वाहत्या पाण्याखालीं ठेवावयाचीं, अशी ती रीत. थोड्याच दिवसांत पिलें बाहेर पडत. टाटांच्या वळवण येथील केंद्रांत डॉ. शशांक ओगले यांनीं हें काम वाढविलें, आणि बोटभर लांबीचीं पिलें परप्रांतांतील जलाशयांत जाऊं लागलीं.

येथें कथेला अनपेक्षित वळण लागलें. १९७० नंतरच्या दशकांत हीं पिलें कावेरींतही सोडण्यांत आलीं. त्या नदीचा स्वतःचा महासीर होता. पाठीला वशिंड, परांना नारिंगी छटा आणि देह प्रचंड. १९४६ सालीं म्हैसूरकडे त्याच जातीचा १२० पौंडांचा मासा गळानें धरल्याची नोंद आहे. निळसर परांची खुद्री तेथें फोफावली आणि वशिंडवाला विरळ होत गेला. त्याच्या ऱ्हासाच्या प्रमुख कारणांत अभ्यासक या पाहुणीची गणना करतात. स्थानिक प्राणी मारून नव्हे, तर त्याच्याच कुळांतला परका आणून सोडल्यानें तो नाहींसा होऊं शकतो, हें कोणाच्या ध्यानींमनींही नव्हतें.

वळवणच्या कार्यकर्त्यांस याबद्दल दूषण देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. त्यांनीं एक जात खरोखरच वांचविली. कावेरींतला वशिंडवाला म्हणजे केरळांतील पांबार नदींतून २००७ सालीं वर्णिलेली जातच होय, हें शास्त्रास ठरवितां यावयास २०१८ साल उजाडावें लागलें. आणि त्याच सालीं त्याचें नांव नामशेष होण्याच्या अगदीं काठावर असलेल्या प्राण्यांच्या यादींत चढलें.