धीर आणि आधार : वैद्यकीय विद्यार्थिजीवनाच्या इतिहासातील तीन चरित्रे

१

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक थकव्याचा प्रश्न अलीकडे शासकीय अहवालांचाही विषय झाला आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नेमलेल्या कृतिदलाचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी घेतलेल्या पाहणीत पंचवीस हजारांहून अधिक पदवी-विद्यार्थ्यांनी आणि पाच हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. पदवी-विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपणांस मानसिक विकार असल्याचे सांगितले. मागील बारा महिन्यांत आत्महत्येचा विचार मनात येऊन गेल्याचे पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१.२ टक्क्यांनी नमूद केले. पाहणी ऐच्छिक असल्यामुळे हे प्रमाण सर्व विद्यार्थिवर्गाला जसेच्या तसे लागू करणे युक्त होणार नाही. तथापि प्रश्नाचे गांभीर्य त्यामुळे कमी होत नाही.

या चर्चेत दोन इंग्रजी शब्द वारंवार येतात : 'बर्नआउट' आणि 'रेझिलिअन्स'. पहिल्यास पारिभाषिक रूप आले ते मुख्यतः हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाच्या १९७४ मधील लेखामुळे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची तीन लक्षणे दिली आहेत : शक्तिक्षय, कामाविषयी दुरावा आणि आपल्या हातून काही साध्य होत नाही ही भावना. हा रोग नसून कामाच्या परिस्थितीतून उद्भवणारी अवस्था आहे, असेही तेथे स्पष्ट केले आहे. अवस्था परिस्थितीतून उद्भवते असे एकदा मानल्यावर तिचा प्रतिकार मात्र व्यक्तीच्या अंगच्या चिवटपणावर का सोपवावा, हा प्रश्न प्रस्तुत निबंधाच्या मुळाशी आहे. त्याचा विचार प्रथम मराठी शब्दांच्या आणि नंतर तीन ऐतिहासिक चरित्रांच्या आधारे करावयाचा आहे.

२

'बर्नआउट' या शब्दातील प्रतिमा अग्नीची आहे. इंधन संपले की ज्योत विझते, आणि इंधन ज्याचे त्याच्यापाशी असते. 'रेझिलिअन्स'चे मूळ उसळून मागे येणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. दाब निघताच स्प्रिंग पूर्ववत होते. हा गुण धातूच्या अंगचा असतो. दोन्ही प्रतिमांत व्यक्ती एकटी आहे.

मराठीतील प्रयोग पाहिले असता निराळे चित्र दिसते. माणूस 'खचतो'. भिंत खचते, जमीन खचते, विहिरीचा काठ खचतो. म्हणजे ज्याच्या खालचा पाया सरकला ते खचते. खचलेल्या भिंतीकडे पाहून कोणी तिच्या विटांचा दोष काढीत नाही. दुसरा शब्द 'धीर'. धीर आपण धरतो, तो सुटतो हेही खरे. परंतु धीर दिलाही जातो, आणि बहुधा जो दिला गेला तोच धरला जातो. 'धीर देणे' या प्रयोगात देणारा आणि घेणारा अशा दोन व्यक्ती गृहीत आहेत. 'धरणे' हे क्रियापद आणि 'आधार' हा शब्द एकाच 'धृ' धातूकडे जातात, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. भाषेतील प्रयोग म्हणजे वैद्यकीय पुरावा नव्हे. मात्र कोणता प्रश्न विचारावा हे ते सुचवू शकतात. कोण किती खंबीर होता, एवढेच विचारून इतिहास थांबला तर अपुरा पडतो. त्याला धीर कोणी दिला आणि कोठे तो मिळाला नाही, हेही विचारावे लागते.

३

आनंदीबाई जोशी यांचे चरित्र मराठी वाचकास परिचित आहे. १८६५ मध्ये जन्म, नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी झालेल्या मुलाचा दहा दिवसांत मृत्यू, एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून पतीविना केलेला समुद्रप्रवास, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे क्षयाने अंत. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

हे चरित्र आपण प्रायः धैर्यकथा म्हणून सांगतो. त्या धैर्याविषयी शंका नाही. परंतु विद्यार्थिनी म्हणून त्यांचे दिवस कसे गेले हे पाहू लागताच पहिला प्रश्न थंडीचा येतो. नऊवारी लुगड्याने त्या हवेत अंग पुरेसे झाकले जात नसे, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. दुसरा प्रश्न अन्नाचा. परदेशातही शाकाहार सोडावयाचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. तिसरा प्रश्न मनाचा. पती गोपाळराव १८८५ पर्यंत हिंदुस्थानातच होते. त्यांच्या पत्रांत उत्तेजनाबरोबर कठोर शब्दही असत. स्वदेशी टीका चालू होती. आपण धर्म सोडला नाही हे सिद्ध करण्याचा भारही अभ्यासाबरोबर वाहावा लागत होता.

त्यांना आधार नव्हता असे नाही. न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणत. परभाषेच्या देशात एका परक्या बाईला मराठी नात्याचे नाव द्यावेसे वाटले, यावरून त्या आधाराचे मोल कळते. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांचेही त्यांच्याकडे लक्ष होते. मात्र हा आधार व्यक्तींच्या सौजन्यावर उभा होता. परदेशी विद्यार्थिनीचे अन्न, वस्त्र, निवास आणि आरोग्य ही आपली जबाबदारी आहे, असे मानणारी व्यवस्था तेव्हा निर्माण झाली नव्हती.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आनंदीबाईंना क्षय झाला होता. त्यांच्या मृत्यूस आजच्या परिभाषेतील 'बर्नआउट' म्हणणे अनैतिहासिक ठरेल. क्षय धैर्याने टळत नाही, आणि तो झाला म्हणून धैर्य उणे होते असेही नाही. नेमकी हीच गोष्ट धैर्यकथेत हरवते.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली होती. त्या पदावर रुजू होण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही.

४

रखमाबाईंचे उदाहरण त्यानंतर थोड्याच वर्षांचे आहे. बालपणी झालेला विवाह नाकारल्याबद्दल दादाजी भिकाजी यांनी त्यांच्यावर १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये नांदावयास जाणे किंवा सहा महिने तुरुंगवास असा निर्णय झाला. १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले. इतकी नालस्ती सोसलेली ही स्त्री १८८९ मध्ये लंडनला गेली, १८९४ मध्ये वैद्यकीय अर्हता मिळवून परतली, पुढे सुरत आणि राजकोट येथे तिने दीर्घकाळ रुग्णसेवा केली आणि १९५५ मध्ये वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी निधन पावली.

रखमाबाईंच्या पाठीशी मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची होत्या. एडिंबरो विद्यापीठात १८६९ मध्ये प्रवेश मिळविणाऱ्या सात स्त्रियांपैकी त्या एक. रसायनशास्त्रात अग्रक्रम मिळूनही होप शिष्यवृत्ती त्यांना स्त्री म्हणून नाकारण्यात आली, आणि १८७० मध्ये परीक्षेस जाताना त्या सातजणींना जमावाच्या दंग्यास तोंड द्यावे लागले. त्या प्रसंगी त्या एकट्या नव्हत्या. लंडनमध्ये मॅक्लॅरन कुटुंबाने रखमाबाईंस घरी आश्रय दिला. येथे व्यक्तींच्या सौजन्यास एका चळवळीचा अनुभव जोडला गेला होता. जिने स्वतः सोसले तिने पुढच्या विद्यार्थिनीस काय लागेल हे ओळखले. दोघींची प्रकृती आणि वय भिन्न असल्यामुळे या तुलनेतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. आधाराच्या स्वरूपातील फरक मात्र स्पष्ट दिसतो.

५

तिसरे उदाहरण कोल्हापूरचे. डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या आनंदीबाईंची नेमणूक झाली होती त्याच आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात काम करू लागल्या. शाहू महाराजांच्या संस्थानाने त्यांच्या शिक्षणास साहाय्य केले, उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठविले आणि परतल्यावर काम दिले. त्यांच्या मातोश्री रखमाबाई केळवकर संस्थानात स्त्रीशिक्षणाचे काम पाहत होत्या. घर, शिष्यवृत्ती आणि नोकरी ही तिन्ही एका दिशेने उभी होती. कृष्णाबाईंच्या कर्तृत्वास यामुळे बाध येत नाही. त्या कर्तृत्वास जागा मिळाली एवढाच याचा अर्थ. म्हणूनच कदाचित त्यांची कथा आनंदीबाईंच्या कथेइतकी सांगितली जात नाही. आधार असलेल्या धैर्याची आख्यायिका होत नाही.

६

पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना पेठ नाक्यापाशी वळले की इस्लामपूर लागते. १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात असलेल्या आणि २०२५ मध्ये ईश्वरपूर असे नामांतर ठरलेल्या या गावात आज वैद्यकीय महाविद्यालय आहे. उत्तरेस कऱ्हाड, पूर्वेस मिरज, दक्षिणेस कोल्हापूर येथेही आहेत. जे शिक्षण घेण्यासाठी आनंदीबाईंना दोन महिने प्रवास करावा लागला, ते आता एस्. टी.च्या अंतरावर आले. अंतर मिटल्यामुळे आधाराचा प्रश्न मिटला, असे मात्र प्रारंभी दिलेल्या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

२०२४ च्या अहवालाने निवासी डॉक्टरांना आठवड्यास ७४ तासांहून अधिक काम देऊ नये, एक दिवस सुटी द्यावी आणि रोज सात ते आठ तास झोप मिळावी, अशी शिफारस केली आहे. झोपेचीही शिफारस करावी लागते, यातच सद्यःस्थिती आली. मात्र या शिफारशींची दिशा योग्य आहे. त्या विद्यार्थ्यास 'खंबीर हो' असे न सांगता त्याच्या पायाखालच्या जमिनीकडे पाहतात.

सारांश, आनंदीबाईंच्या धैर्याची स्तुती करीत असताना त्या धैर्यास कोणता आधार उणा पडला, हे सांगणे इतिहासलेखकाचे कर्तव्य आहे. ते टाळले तर स्तुतीचा उपयोग जबाबदारी झाकण्याकडे होतो, आणि खचलेल्या विद्यार्थ्यापुढे मृतांचे धैर्य उपदेशासारखे उभे राहते. 'धीर धर' असे सांगण्याचा अधिकार, ज्याने धीर दिला आहे त्यालाच पोहोचतो.