लोकसभेची रचना

लोकसभा : भारतीय संसदेचे कनिष्ठ सभागृह. प्रौढ मताधिकारानुसार प्रादेशिक मतदारसंघांतून प्रत्यक्ष निवडलेल्या प्रतिनिधींचे हे सभागृह असून त्याच्या रचनेची मुख्य तत्त्वे संविधानाच्या ८१, ८२ व ३३० या अनुच्छेदांत आढळतात.

ब्रिटिश अमदानीत १९१९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय विधिसभेत निर्वाचित सदस्यांचे बहुमत होते. तथापि मताधिकार प्रामुख्याने मालमत्ता व करभरणा यांवर अवलंबून असल्याने तो मूठभर लोकांपुरताच मर्यादित राहिला. शिवाय मुसलमान, शीख, यूरोपीय इत्यादींसाठी विभक्त मतदारसंघ होते. १९३५ च्या कायद्याने योजिलेल्या संघीय विधिसभेत ३७५ पैकी १२५ जागा संस्थानांच्या असून त्या संस्थानिकांनी भरावयाच्या होत्या. कायद्याचा हा भाग अंमलात आलाच नाही. संविधान सभेने विभक्त मतदारसंघ रद्द करून २१ वर्षांवरील स्त्रीपुरुषांना सरसकट मताधिकार दिला. ६१ व्या घटनादुरुस्तीने (१९८८) ही वयोमर्यादा १८ वर्षांवर आणली.

पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात ४८९ जागांसाठी झाली. त्या वेळी ४०१ मतदारसंघांपैकी ८६ द्विसदस्यीय, तर एक त्रिसदस्यीय होता. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघ संपुष्टात आले. जम्मू-काश्मीरचे प्रतिनिधी मात्र १९६७ पर्यंत राज्य विधिमंडळाच्या शिफारशीवरून राष्ट्रपती नियुक्त करीत.

राज्याच्या जागा व लोकसंख्या यांचे प्रमाण सर्व राज्यांत शक्यतो समान असावे आणि प्रत्येक जनगणनेनंतर ते परिसीमन आयोगामार्फत नव्याने जुळवावे, हे मूळ तत्त्व होय. त्याचा परिणाम लवकरच दिसून आला. मद्रास राज्याच्या (विद्यमान तमिळनाडू) १९६२ मधील ४१ जागा १९६७ मध्ये ३९ झाल्या. कुटुंबनियोजनात यश मिळविणाऱ्या राज्यांचे प्रतिनिधित्व त्यामुळेच घटावे, ही विसंगती टाळण्यासाठी ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) जागांची राज्यवार वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठविली. ८४ व्या घटनादुरुस्तीने (२००१) ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. २००२ च्या परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेनुसार राज्यांतर्गत सीमा बदलल्या; राज्यांची जागासंख्या कायम राहिली. त्यानुसार २००९ च्या निवडणुकीत महाराष्ट्राला ४८, गोव्याला २ व उत्तर प्रदेशला ८० जागा होत्या.

या निवडणुकीत एकूण ५४३ जागांपैकी ८४ अनुसूचित जातींसाठी व ४७ अनुसूचित जमातींसाठी राखीव होत्या. अँग्लो-इंडियन समाजाचे दोन सदस्य नामनिर्देशित करण्याची तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली. १०६ व्या घटनादुरुस्तीने (२०२३) स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. पण त्यांची अंमलबजावणी त्यानंतरच्या जनगणनेवर आधारलेल्या परिसीमनाशी जोडली.

जागा गोठविल्याने राज्यांमधील समतोल टिकला; मात्र झपाट्याने वाढलेल्या राज्यांतील एका खासदारामागे असणारी लोकसंख्या इतरत्रच्या तुलनेत बरीच वाढली आणि तेथील मताचे मूल्य तितकेच कमी झाले. नागरिकांची समानता व घटक राज्यांचा समतोल ही दोन्ही लोकशाही संघराज्याची अंगे होत. त्यांचा मेळ घालणे, हाच लोकसभेच्या रचनेतील मूलभूत प्रश्न आहे.