आजीच्या रिपोर्टमधला सीआरपी

गेल्या पावसाळ्यात आजीला घोडेगावहून मंचरच्या दवाखान्यात नेलं. न्युमोनिया. पहिल्या दिवशी रिपोर्टवर सीआरपी १४६, चौथ्या दिवशी ३८. डॉक्टर म्हणाले, "ताप नाही, श्वास ठीक आहे, सीआरपीही उतरतोय. उद्याचा डोस देऊन अँटिबायोटिक थांबवू."

काका बिथरले, "पाचच दिवस?" दिवसभर सर्व्हरचे आलेख बघून निर्णय घेणारा मीही धास्तावलो. मग या आकड्याचा इतिहास शोधायला बसलो.

गंमत म्हणजे सीआरपीचा शोध न्युमोनियाच्याच रुग्णांमध्ये लागला. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्युमोकॉकस जंतूच्या पेशीभित्तिकेतला 'सी' नावाचा घटक अभ्यासत होते. आजाऱ्याच्या रक्तद्रवात तो मिसळला की साका बसायचा. रुग्ण बरा झाला की बसत नसे. त्या 'सी'शी जुळणारं प्रथिन म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. शरीरात दाह झाला की ते यकृतात बनतं. आजार मोजायचं साधन हाती आलं होतं, पण पेनिसिलिन माणसाला टोचायला अजून दहा-अकरा वर्षं होती.

आपल्याकडे ते मुबलक व्हायला आणखी वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. आजीचा धाकटा भाऊ त्याआधीच 'डब्या'ने गेला होता. पोरांच्या न्युमोनियाला तिच्याकडे हाच शब्द.

औषध आलं, तसा प्रश्न बदलला: द्यायचं कुणाला? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी यंत्राशिवाय उत्तर शोधलं. गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना मुलांचे श्वास मोजायला शिकवलं; वेग जास्त असेल तर औषध. न्युमोनियाने होणारे बालमृत्यू घटले. १९९० मध्ये ते संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

पुढचा प्रश्न, थांबवायचं कधी? १९९३ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं, की जंतुसंसर्ग गंभीर असेल तर रक्तात प्रोकॅल्सिटोनिन चढतं. विषाणूंमुळे सहसा फारसं चढत नाही. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या डॉक्टरांनी न्युमोनियाच्या ३०२ रुग्णांवरचा अभ्यास मांडला. प्रोकॅल्सिटोनिन बघून औषध थांबवलं, तेव्हा मध्यक कालावधी १२ दिवसांवरून ५ वर आला आणि रुग्ण बरे होण्यात फरक पडला नाही.

पण आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या १४ हॉस्पिटलांच्या अभ्यासात प्रोकॅल्सिटोनिनमुळे अँटिबायोटिकचे दिवस फारसे घटले नाहीत. तिथल्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की एक्स-रेवर न्युमोनिया दिसला तर आकड्यासाठी औषध अडवू नका. सीआरपी तर इतर कारणांच्या दाहानेही चढतो. म्हणून डॉक्टरांनी आधी ताप आणि श्वास पाहिला, आकडा नंतर.

मग थांबवण्याचा अट्टहास कशाला? कारण गरज नसलेला प्रत्येक डोस शरीरातल्या चिवट जंतूंनाच निवडून मागे ठेवतो. पिंपरीत जे मिळवायला एवढा खटाटोप केला, ते असं हळूहळू बोथट होतं.

पाचव्या दिवशी औषध थांबलं. काकांनी आणखी एक स्ट्रिप घ्यायचा हट्ट सोडला. पंधरवड्याने फोन केला, तर आजी ओट्यावर पावटा सोलत बसली होती. सीआरपी उतरल्याचं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "उतरू दे. तू कधी येतोस?"